डुकरांचा मुकादम

मार्च महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वेस्कॉटच्या गावसभेने एलिफलेट ट्रास्क यांची डुकरांचे मुकादम म्हणून निवड केली. मतदान हात वर करून झालं. विरोधात एकही हात नव्हता.

ट्रास्क तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. बंदरातला धक्का त्यांचा, धक्क्याला लागणारी दोन गलबतं त्यांची, नदीपलीकडचं नऊशे एकर जंगल आणि कुरण त्यांचं. चौदा वर्षं गावाचे प्रतिनिधी म्हणून बॉस्टनच्या विधानसभेत तेच बसत होते. पण जानेवारीत त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, आणि वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्याच्या गळ्यात मोकाट डुकरं आवरायचं हे मुकादमपद घालून त्याची टर उडवायची ही वेस्कॉटची जुनी रीत होती. एरवी ही पाळी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांवर यायची. पोरगं लाजायचं, चार लोकांना सफरचंदाची साइडर पाजायचं आणि वर्षभर एकाही डुकराच्या वाटेला जायचं नाही. गावालाही तेवढंच हवं असायचं.

मेहिटेबलला हे कळलं ते नवऱ्याच्याच तोंडून. ट्रास्क साडेबाराला घरी आले, केसांचा टोप काढून खुंटीला अडकवला, टकलावर लाल लोकरी टोपी चढवली आणि मेजाशी बसले.

"काय झालं सभेत?" तिने मक्याची लापशी वाढता वाढता विचारलं.

"रस्त्यांची कामं ठरली. कुंपणांचे पंच ठरले. कारकून पुन्हा प्रार्थनाघराचे डीकन लॅम्सनच."

"आणि?"

"आणि डुकरांचा मुकादम मी."

मेहिटेबल इतकी हसली की तिला डाव खाली ठेवावा लागला. "कोणी सुचवलं नाव?"

"सायलस गोरमनं. उभा राहिला आणि म्हणाला, या सभेत सगळ्यात ताजा नवरदेव कोण आहे ते बघा. प्रार्थनाघराची कौलं उडतील इतके हसले लोक."

"तुम्ही काय केलंत?"

"मीही हसलो. मग शपथ घेतली."

मेहिटेबलचं हसू थांबलं. लग्नाला दहा आठवडे झाले होते. त्यापूर्वी वीसेक वर्षं ती या माणसाला गावातल्या सगळ्यांसारखीच ओळखत होती. पण या दहा आठवड्यांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. हा माणूस साधं 'उद्या बघू' म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी खरोखर बघायचा.

"अहो, शपथ कशाला घेतलीत? कोणी घेत नाही."

"डीकननं बायबल पुढं केलं. सगळे बघत होते. त्यावर हात ठेवला." त्यांनी लापशीवर काकवी ओतली. "एकदा ठेवला म्हणजे ठेवला."

*

एलिफलेट ट्रास्क मूळचे नदीपलीकडचे. घरात तिसरा मुलगा, वाट्याला जमीन येण्याची आशा नाही, म्हणून बाराव्या वर्षी त्यांना बंदरात एका पिंप बनवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. सात वर्षांनी ते स्वतः पिंपं बनवायला लागले. पिंपं गलबतावर चढतात, तेव्हा गलबतात वाटा घेतला. पिंपांना ओकचं लाकूड लागतं, तेव्हा जंगल घेतलं. जंगल घेतलं म्हणून जमीनदार झाले, आणि जमीनदार आहे, वाचता येतं, बोलताना शिव्या देत नाही, म्हणून गावाने बॉस्टनला पाठवलं. त्यांच्या पिंपांतून खारवलेला मासा जायचा. उत्तम तो स्पेनला, मधला आसपासच्या गावांना, आणि ज्याला वास यायला लागलेला असे तो बार्बाडोस बेटावर, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांच्या पोटात. तिकडून काकवी यायची. वेस्कॉटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं आणि जेवताना कोणी त्याबद्दल बोलत नसे. ट्रास्कही बोलत नसत.

मेहिटेबल सत्तेचाळीस वर्षांची, एका खलाशाची विधवा, आणि अठरा वर्षं गावची सुईण. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात जाबेझ नॉर्कटच्या बायकोच्या कळा सुरू झाल्या. नॉर्कटांची शेतं नदीपलीकडे. चार दिवस पाऊस पडत होता. मेहिटेबल सकाळी सातला पिशवी घेऊन उताराशी, म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागी, पोचली तेव्हा पाणी घोड्याच्या पाठीवरून जात होतं. पलीकडच्या काठावरून जाबेझ काहीतरी ओरडत होता, ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. ती दुपारपर्यंत उभी होती. बाराच्या पुढे कधीतरी तो ओरडायचा थांबला आणि घराकडे वळून चालायला लागला. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

त्या हिवाळ्यात एलिफलेट ट्रास्क तिच्याकडे आले, टोपी हातात घेऊन, आणि त्यांनी तिला त्या दिवशीची हकिकत विचारली. पाणी किती होतं, किती वाजता किती उतरलं, काठाजवळचा मोठा दगड दिसत होता की नाही. तिने सांगितलं ते सगळं लिहून घेतलं. नदीवर पूल बांधायची परवानगी आणि खर्चाचा वाटा मागणारा अर्ज होता तो. विधानसभेत दोनदा वाचून झाला होता. तिसरं, शेवटचं वाचन येत्या जूनमध्ये होतं. प्रत्येक वेळी बॉस्टनहून आले की ट्रास्क तिला अर्जाची खबर द्यायला यायचे. तिसऱ्या खेपेला खबर सांगून झाल्यावरही ते उठले नाहीत, आणि तिला ते चाललं.

प्रतिनिधीची निवडणूक मे महिन्याच्या सतरा तारखेला होती. यंदा सायलस गोरम उभा राहणार होता. गोरमची सराई बंदराच्या तोंडाशी, उताराच्या रस्त्यावर. त्याला पूल नको होता, कारण उतारापाशी अडकलेली माणसं त्याच्याच सराईत राहायची. बंदरातली मतं निम्मी-निम्मी पडणार हे सगळे जाणून होते. निकाल नॉर्कटांच्या हातात होता: भाऊ, चुलते, जावई धरून नऊ मतं, आणि ती सगळी जाबेझ सांगेल तिकडे जायची.

*

एक एप्रिलला ट्रास्कनी कायद्याचं पुस्तक उघडलं. मोकळं सुटलेल्या प्रत्येक डुकराच्या नाकात कडी हवी, म्हणजे ते उकरत नाही, आणि गळ्यात लाकडी लोढणं हवं, म्हणजे ते कुंपणातून घुसत नाही. लोढण्याचं मापही दिलेलं होतं: मानेच्या जाडीइतकं वर, त्याच्या निम्मं खाली, आणि आडवं लाकूड मानेच्या तिप्पट.

"सुरुवात घरापासून," ते म्हणाले.

मेहिटेबलने पहिल्या नवऱ्याच्या घरून एक डुकरीण आणली होती. तिचं नाव प्रूडन्स. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून असायची आणि आजवर तिने कोणाचं काही उकरलं नव्हतं.

"तिला कशाला? ती कुठं जात नाही."

"दार बंद नसतं. म्हणजे मोकळीच."

"अहो, ती म्हातारी आहे."

"मीही आहे. मला कोणी सोडलं का?"

मेहिटेबलने प्रूडन्सचे कान धरले, ट्रास्कनी गुडघ्यात डोकं दाबून चिमट्याने कडी बसवली. सगळं बंदर ऐकेल असा आरडाओरडा झाला. मग प्रूडन्स उठली, नाक हलवून बघितलं आणि ट्रास्कच्या चांगल्या मोज्यांवर लोळली.

त्यानंतर रोज सकाळी दोन तास ते चिमटा, कड्या आणि मापाची दोरी घेऊन घरोघर फिरायला लागले. पहिल्या आठवड्यात लोक दारात येऊन बघायचे. 'मुकादमसाहेब, आमच्या सासूबाईंनाही एक कडी बसवून जा,' असं एकाने सांगितलं. ट्रास्कनी त्याच्या डुकराला बसवली आणि पुढं गेले. दुसऱ्या आठवड्यात हसणारे कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात बंदराच्या बाजूला एकही मोकळं डुक्कर उरलं नाही, आणि मक्याची पेरणी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा निवांत झाली. मेहिटेबलला बायका रस्त्यात थांबवून सांगायच्या, "तुमच्या साहेबांना हेच काम आधी द्यायला हवं होतं. बॉस्टनला उगाच पाठवलं."

नदीपलीकडे मात्र ते गेले नव्हते. जाबेझला त्यांनी निरोप पाठवला होता, दोनदा. दोन्ही वेळा तो म्हणाला, पेरणी उरकली की बघतो. खोटं नव्हतं ते. बायको गेल्यापासून तो दोन मुलींना घेऊन एकटाच राबत होता.

*

आठ मे, सकाळी सहा. सायलस गोरम ट्रास्कांच्या दारात उभा होता. बुटांना चिखल, हातात अर्धवट खाल्लेला मासा.

"ट्रास्कसाहेब, तक्रार आहे. डुकरांच्या मुकादमाकडे."

वेस्कॉटमध्ये मक्याच्या प्रत्येक आळ्यात बियांखाली एक-एक मासा पुरतात. वसंतात नदीत चढणारे मासे, टोपल्यांनी मिळतात, आणि त्याशिवाय त्या रेताड जमिनीत मका गुडघ्यावर जात नाही. डुकरांना तो वास मैलभरावरून येतो. नदीला पाणी कमी होतं. नॉर्कटची अकरा डुकरं पहाटे उतारावरून इकडे आली आणि गोरमच्या दीड एकरातलं एकेक आळं क्रमाने उकरून मासे खाऊन बसली. आता ती तिथेच झोपली होती.

"एकाच्याही नाकात कडी नाही," गोरम म्हणाला. "मी मोजलं. शपथ घेतलेला माणूस आता काय करतो ते बघायला आलो."

"कोंडवाड्यात घालतो," ट्रास्क म्हणाले. "तुम्ही चला, मी बूट चढवतो."

गोरमचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग उजळला. ट्रास्कनी टाळाटाळ केली असती तर तो गावभर सांगणार होता. ते करणार म्हणाले, तर नऊ मतं गेली. त्याने टोपी काढून मेहिटेबलला नमस्कार केला आणि निघाला.

ती नवरा आणि दार यांच्या मधे उभी राहिली.

"नऊ दिवस आहेत."

"माहीत आहे."

"डुकरांना हाकलून नदीपलीकडे घाला. गोरमचं नुकसान भरून द्या. कोणी विचारणार नाही."

"गोरम विचारेल. आणि त्यानं नाही विचारलं तरी," त्यांनी बुटाचा पट्टा ओढला, "बंदरातल्या विधवा प्रॅटचं एकुलतं एक डुक्कर मी कोंडलं होतं एप्रिलमध्ये. रडली ती. तिचं मत नसतं म्हणून तिला कायदा, आणि जाबेझची नऊ मतं आहेत म्हणून त्याला माफी?"

"मी प्रॅटबद्दल बोलत नाही. पुलाबद्दल बोलतेय."

"मीही."

"नाही. तुम्ही तुमच्या शपथेबद्दल बोलताय. डुकरांच्या शपथेबद्दल. लोकांनी चेष्टा केली आणि तुम्ही ती अंगाला लावून घेतलीत." तिचा आवाज वर गेला नव्हता. "तिसऱ्या वाचनाला तुम्ही तिथं नसलात तर गोरम असेल. तो अर्ज पेटवून चिलीम ओढेल. मग पुढच्या पावसात कोणाच्या घरी मला पोचता येणार नाही, ते तुम्ही सांगायला जा."

ट्रास्कनी दुसरा बूट चढवला. मग म्हणाले, "बॉस्टनला मी उभा राहतो तेव्हा माझ्याकडे काय असतं, मेहिटेबल? सालेमच्या बड्या व्यापाऱ्यांसारखी ओळख नाही, वक्तृत्व नाही. पाणी इतके फूट होतं असं मी सांगतो आणि ते मानतात, कारण ट्रास्क खोटं माप देत नाही. एवढंच भांडवल आहे. ते इथं मोडलं तर तिथं काय घेऊन जाऊ?"

"तिथं जायला तर मिळू दे."

त्यांनी टोपी उचलली. तिने वाट सोडली. थोड्या वेळाने तिनेही शाल घेतली आणि मागून गेली, कारण अकरा डुकरं एका माणसाने हाकणं शक्य नव्हतं आणि गोरम मदत करणार नव्हता.

*

जाबेझ नॉर्कट दुपारी आला. चाळिशीचा, उंच, वाकलेला. कोंडवाड्याच्या कुंपणावर हात ठेवून त्याने आपली डुकरं मोजली.

"काका, निरोप तरी पाठवायचा."

"दोन पाठवले."

"ती गोष्ट वेगळी. हा गोरमचा मका आहे. गोरमसाठी तुम्ही माझी जनावरं कोंडलीत?"

"गोरमसाठी नाही. कड्या आणि लोढणी झाली की घेऊन जा."

"अकरा लोढणी. माझ्याकडे ना लाकूड आहे ना दिवस. मक्याला बसू की सुतारकी करू?"

ट्रास्क कुंपणाला टेकले. "मी करतो."

तीन दिवस ते धक्क्यावरच्या जुन्या शेडमध्ये, पिंपं बनवायच्या लाकडी घोडीवर बसून, ओकच्या फळ्या तासत होते. मेहिटेबल त्यांचं जेवण घेऊन जायची. ट्रास्कांच्या खांद्यावर घोंगडी, बाह्या वर, भुसा भुवयांत. चाळीस वर्षांत या हातांनी हे काम केलं नव्हतं, पण हातांना ते आठवत होतं. ते गुणगुणत होते. तिने त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती रागातच होती आणि भांडं ठेवून निघून आली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच पिंपावर बसली.

"हे माप बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"तू धर. मानेची जाडी इथं. वर तेवढीच."

"प्रूडन्सचं सैल झालंय."

"ती वाळलीय. तुझ्या जाण्यायेण्याकडे लक्ष ठेवून."

"तिला काय माहीत मी कुठं जाते."

"तिला सगळं माहीत असतं. घरात मला विचारून काही होतं का, तिला विचार."

अकरावं लोढणं झालं त्या संध्याकाळी गोरम शेडच्या दारात आला. एकटा नव्हता. बंदरातली पाच-सहा माणसं बरोबर होती.

"सुंदर काम," तो म्हणाला. "अकरा लोढणी, फुकट. नऊ मतदारांच्या घरी. मी माझ्या सराईत निवडणुकीच्या आठवड्यात कोणाला रमचा पेला पाजला तर त्याला लाच म्हणतात. याला काय म्हणायचं, साहेब?"

कोणी हसलं नाही. ट्रास्कनी हातातली तासणी खाली ठेवली. मेहिटेबलला त्यांच्या मानेवरून दिसलं की हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरोखरच आलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"अहो," ती पुटपुटली.

"बरोबर आहे त्याचं. फुकट देता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी, बारा तारखेला, कोंडवाड्यात कड्या बसवून झाल्या, लोढणी चढली, आणि जाबेझ जनावरं न्यायला आला तेव्हा ट्रास्कनी त्याला सांगितलं की याचा मोबदला म्हणून त्याने त्यांच्या कुरणात तीन दिवस काम करावं. गवतकापणीला, जुलैत.

जाबेझने त्यांच्याकडे, मग मेहिटेबलकडे पाहिलं. "मी मागितली होती का लोढणी?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, मी करतो. माझा बाप आणि तुम्ही एका बाकावर बसून अक्षरं शिकलात. मला वाटलं, काका करतायत." त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "आता मजुरी. गोरम म्हणाला म्हणून."

"गोरम म्हणाला ते खरं होतं म्हणून."

"तुम्हाला खरंखोटंच कळतं, काका. माणूस कळत नाही." त्याने पहिल्या डुकराला काठी लावली. "तीन दिवस येईन. जुलैत. मोजून घ्या."

"आणि सतराला?" हे ट्रास्कनी विचारलं नाही. मेहिटेबलने विचारलं. तिच्याने राहवलं नाही.

जाबेझ थांबला. तिच्याशी तो कधीच वरच्या आवाजात बोलत नसे. "सतराला येऊ, बाई. सगळेच येऊ. कोणाचं नाव लिहायचं ते अजून माझंच मला माहीत नाही."

अकरा डुकरं एकमेकांच्या लोढण्यांत अडकत, धडपडत उताराकडे गेली. ट्रास्क ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. चौथ्याचं लोढणं डाव्या बाजूला थोडं कललंय, असं ते म्हणाले. मेहिटेबलने त्यांचा हात धरला आणि घरी आणलं. वाटेत तिने त्यांना मूर्ख म्हटलं, दोनदा. दुसऱ्यांदा म्हणताना तिने त्यांच्या भुवईतला भुसा काढला.

*

पंधरा तारखेला पाऊस लागला तो सतराच्या सकाळी थांबला.

सभा दुपारी एकला भरली. बायकांना आत जागा नसते, पण प्रार्थनाघराच्या खिडक्या उघड्या होत्या आणि मेहिटेबल इतर चौघींबरोबर बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसली होती. एकेकाने जाऊन डीकन लॅम्सनच्या टोपीत चिठ्ठी टाकली. नॉर्कटांपैकी कोणी आलं नव्हतं. पावणेतीनला डीकनांनी चिठ्ठ्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"एलिफलेट ट्रास्क एकतीस. सायलस गोरम एकतीस."

गलका झाला. गोरम उठला. "पुन्हा मतं घ्या. आत्ताच. जे हजर आहेत त्यांची." मग तो मधेच थांबला. त्याच्या शेजारच्या माणसाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. खिडकीतून मेहिटेबलला त्याचा चेहरा दिसत होता. तो मनाशी हिशेब करत होता. कोंडलेली डुकरं, मजुरीचे तीन दिवस. "नाही," तो म्हणाला. "नॉर्कट मंडळी नदीपलीकडे अडकली असतील. तेही याच गावचे. थांबणं रास्त होईल."

"एलिफलेट, तुझं काय म्हणणं?" डीकनांनी विचारलं.

"उतारावर पाणी किती आहे ते आधी कोणीतरी बघून यावं," ट्रास्क म्हणाले. "जीव धोक्यात घालून मत द्यायला कोणी येऊ नये. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठीही नाही."

"थांबायचं की नाही ते सांग."

"थांबा."

डीकन लॅम्सननी व्यासपीठावरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं. एक तास; वाळू संपेपर्यंत जे येतील त्यांच्याच चिठ्ठ्या धरायच्या. तीन वाजले होते.

मेहिटेबलने विणकाम बाकावर टाकलं आणि ती बायकांमध्ये सगळ्यात आधी उताराशी पोचली. पलीकडच्या काठावर नऊ माणसं आणि दोन घोडे होते. पाणी तपकिरी, वेगात. काठाजवळचा मोठा दगड, ज्याच्या मापावरून तो अर्ज लिहिला होता, त्याचं डोकं हातभर वर दिसत होतं. सकाळी दिसत नव्हतं असं कोणीतरी म्हणालं. जाबेझ घोड्याच्या पोटाला दोरी बांधत होता.

"त्यांना सांगा, येऊ नका," ती मागे वळून म्हणाली. ट्रास्क आले होते, टोपाशिवाय, धक्क्यावरचा जाडा दोर खांद्यावर घेऊन. त्यांना धाप लागली होती.

"सांगून ऐकणारा आहे का तो? त्याच्या बापानंही ऐकलं नसतं." त्यांनी तोंडाला हात लावले. "जाबेझ. डावीकडे धर. उजवीकडे खड्डा आहे."

पलीकडून काहीतरी ओरडलं गेलं. या वेळी मेहिटेबलला ते ऐकू आलं. "माहीत आहे, काका. माझीच डुकरं रोज जातात."

दोराचं एक टोक ओकच्या बुंध्याला बांधलं. दुसरं टोक फेकायला तीन वेळा प्रयत्न लागले; तिसऱ्यांदा ते पलीकडे पोचलं आणि तिकडच्यांनी खडकाला गुंडाळलं. ताण कमी पडत होता, म्हणून इकडचे बारा-पंधरा जण दोराला लागले. त्यांच्यात सायलस गोरमही होता. त्याने कोट काढून ठेवला होता आणि टाचा चिखलात रोवल्या होत्या.

"हळू सोडा, सायलस," ट्रास्क म्हणाले.

"मला शिकवू नका. माझ्या मतांना मी बुडू देईन का?"

"तुमची कशावरून?"

"बघू की."

पहिला आला तो जाबेझचा धाकटा भाऊ. त्याने टोपी दातांत धरली होती. काठावर आल्यावर त्याने टोपीच्या आत हात घालून चिठ्ठी कोरडी आहे का ते पाहिलं आणि पुन्हा टोपी डोक्यावर दाबून बसवली. गोरमने त्याच्या टोपीकडे पाहिलं. ट्रास्कनी पाण्याकडे पाहिलं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना डीकन लॅम्सनकडून निरोप आला की घड्याळात बोटभर वाळू उरली आहे. तेव्हा नऊपैकी पाच जण अलीकडे पोचले होते, तिघे पलीकडे वाट बघत होते, आणि जाबेझ नॉर्कट नदीच्या मध्यावर होता. घोडा छातीपर्यंत पाण्यात, दोर काखेत. त्याच्याही टोपीत चिठ्ठी होती. तिच्यावर कोणाचं नाव आहे, ते काठावरच्या कोणीही त्याला विचारलं नव्हतं.